परीकथेतले खलनायक खरेच मनोरुग्ण होते का?

हिमगौरीची सावत्र आई दिवसरात्र आरशासमोर उभी राहते, म्हणून ती ‘नार्सिसिस्ट’. रोज नवा निकाह करून सकाळी बेगमेला ठार मारणारा बादशाह शहरयार म्हणजे ‘सायको’. जंगलातल्या घरात मुलांना कोंडणारी म्हातारी चेटकीण ‘पागल’. परीकथांतल्या दुष्ट पात्रांना मनाच्या आजारांची नावे देण्याचा खेळ आता घराघरांत पोहोचला आहे. कॉलेजात जाणारी मुलेमुली मोबाईलवर असे व्हिडिओ पाहतात आणि जेवताना अम्मी-अब्बांना सांगतात, की ती राणी दुष्ट नव्हती, आजारी होती.

खेळ म्हणून यात मजा आहे. मुले मनाच्या आजारांविषयी बोलू लागली, ही गोष्टही चांगलीच. आपल्या दादी-नानीच्या पिढीत हा विषय दाराआडच राहत असे. पण हीच मुले वर्गातल्या एखाद्या अबोल मुलाला ‘सायको’ म्हणून हाक मारतात. मोहल्ल्यात एकटी राहणारी, स्वतःशी बोलणारी खाला दिसली की रस्ता बदलतात. परीकथेतला खलनायक आणि गल्लीतला रुग्ण हे दोघे त्यांच्या मनात एकाच नावाच्या पाटीखाली उभे असतात. ती पाटी तिथे कशी आली आणि तिचा त्रास कोणाला होतो, हे आम्ही या लेखात पाहणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ

मनाच्या आजारांचे ढोबळमानाने दोन गट करता येतील. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, मंत्रचळ हे आजार माणसाच्या आयुष्यात कधीतरी सुरू होतात. कालपर्यंत ठीक असलेला माणूस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बदलतो आणि घरच्यांनाही तो बदल जाणवतो. झोप उडते, भूक मरते, नमाजकडे, कामाकडे, मुलांकडे लक्ष लागत नाही. कधी नसलेले आवाज ऐकू येतात.

व्यक्तिमत्त्व विकाराचे स्वरूप वेगळे असते. विचार करण्याची, रागावण्याची, माणसे जोडण्याची आणि तोडण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते. ती पद्धतच इतकी ताठर होऊन बसते, की माणसाला स्वतःला आणि आसपासच्यांना तिचा सतत त्रास होतो. हे किशोरवयात किंवा तारुण्याच्या सुरुवातीला दिसू लागते आणि वर्षानुवर्षे टिकते. घरी, नोकरीत, मैत्रीत, सगळीकडे तेच घडत राहते. एखाद्या दिवसाचा राग किंवा एखाद्या लग्नातला रुसवा म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार नव्हे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची संघटना ‘डीएसएम’ नावाचा निदानग्रंथ काढते. २०१३ साली आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्व विकारांचे १० प्रकार दिले आहेत. त्यांतला आत्मप्रौढीचा, म्हणजे नार्सिसिस्टिक प्रकार या ग्रंथात १९८० साली पहिल्यांदा आला. त्याची ९ लक्षणे दिली आहेत आणि त्यांतली किमान ५ जुळल्याशिवाय निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली नवी यादी तर आणखी पुढे गेली आहे. तिने वेगवेगळी नावे बहुतांशी मागे ठेवून त्रास सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र, हे पाहायला सांगितले आहे. माणसाला मदत किती लागेल हे कळणे नाव चिकटवण्यापेक्षा जास्त गरजेचे आहे, हा त्यामागचा विचार.

याच अमेरिकन संघटनेने १९७३ साली आपल्या सदस्यांसाठी एक नियमही केला. ज्या व्यक्तीला आपण स्वतः तपासलेले नाही आणि जिची परवानगी घेतलेली नाही, तिच्या मनाविषयी जाहीर निदान करू नये. शिकलेल्या डॉक्टरांवर एवढे बंधन असेल, तर नणंदेला, भावजयीला किंवा शेजाऱ्याला एका व्हिडिओच्या आधारे ‘नार्सिसिस्ट’ ठरवण्याआधी आपण किती थांबायला हवे?

राणी आणि तिचा आरसा

आता हिमगौरीच्या गोष्टीकडे वळू. जर्मनीतल्या याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी लोककथांचा पहिला खंड १८१२ साली छापला, त्यात ही गोष्ट आहे. मुलगी अवघी सात वर्षांची होते आणि आरसा राणीला सांगतो, की ही मुलगी आता तुझ्यापेक्षा सुंदर आहे. तिथून राणीला चैन पडत नाही. ग्रिम बंधूंनी तिच्या हेव्याला माजत जाणाऱ्या तणाची उपमा दिली आहे. ती शिकाऱ्याला मुलीचे काळीज आणि फुप्फुसे आणायला सांगते. शिकारी दया येऊन मुलीला सोडतो आणि रानडुकराच्या पिलाचे अवयव आणून देतो. राणी ते मुलीचे समजून खाते. मुलगी जिवंत आहे असे कळल्यावर ती वेष पालटून तीनदा तिच्या दाराशी जाते. पहिल्यांदा नाडी, मग विषारी कंगवा आणि शेवटी अर्धे विष भरलेले सफरचंद.

राणी आजारी होती असे म्हणणारे बहुधा आरशाकडे बोट दाखवतात. तिला निर्जीव वस्तूतून आवाज येतो, म्हणजे भास. पण गोष्टीच्या जगात आरसा खरोखर बोलतो आणि तो नेहमी खरेच सांगतो. म्हणजे नसलेले दिसण्याचा किंवा ऐकू येण्याचा आजार राणीला नाही. तिला सत्य नीट ऐकू येते, फक्त ते तिला सोसत नाही.

आत्मप्रौढीची काही लक्षणे तिच्यात जरूर दिसतात. आपण सर्वांत वरचढ असलेच पाहिजे हा हट्ट, सतत कौतुकाची भूक, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नसणे, हेवा. मात्र या विकाराचे जे रुग्ण डॉक्टरांना भेटतात, ते कोणाला विष घालत नाहीत. वरून ताठा दाखवणारा माणूस आतून फार ठिसूळ असतो. टीकेचा एक शब्द त्याला दिवसभर जाळतो. त्याची नाती तुटतात, नोकरी टिकत नाही, एकटेपणातून नैराश्य येते. या माणसाचे दुःख परीकथेला दाखवायचेच नव्हते. तिला एक धोका दाखवायचा होता, म्हणून तिने हेव्याला मुकुट घातला आणि हातात सफरचंद दिले.

खून करायचा, त्यासाठी वेष पालटायचा, तीन वेगवेगळ्या युक्त्या योजायच्या, हे सगळे राणी जाणूनबुजून करते. गोष्ट तिला त्याबद्दल जबाबदार धरते. ग्रिम यांच्या पाठात शेवटी तिला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते. १९३७ साली आलेल्या डिस्नेच्या चित्रपटात ती कड्यावरून पडते. शिक्षा बदलली, पण राणीला काय घडतेय हे कळत नव्हते असे कुठल्याच कथनकाराने म्हटलेले नाही.

आईची सावत्र आई कशी झाली

या गोष्टीमागे आणखी एक गोष्ट आहे आणि आमच्या मते तीच जास्त शिकवणारी आहे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी सख्ख्या आईला बाळंतपणातच मृत्यू आणला आणि दुष्टपणा सावत्र आईच्या माथी मारला. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या गोष्टीतही तसेच झाले. उपासमारीत मुलांना जंगलात सोडून देण्याचा आग्रह धरणारी बाई आधी त्यांची आईच होती. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली.

हा बदल का झाला, ते समजायला सोपे आहे. पुस्तक आता घरांत, मुलांच्या हातांत जाऊ लागले होते. सख्खी आई मुलीचा जीव घेऊ पाहते, हे वाचणे कोणत्याही घराला जड जाते. तेव्हा क्रौर्य घरातल्या माणसाकडून उचलून बाहेरून आलेल्या बाईवर ठेवले गेले. वाचकांना हायसे वाटले असेल, पण त्याची किंमत जगभरच्या सावत्र आयांनी मोजली. आपल्या समाजात विधवेचा आणि तलाकशुदा स्त्रीचा दुसरा निकाह ही चांगली गोष्ट मानली जाते. अशा घरात पहिल्या बेगमेच्या मुलांना जीव लावून वाढवणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत. मूल जरा हडकुळे दिसले किंवा परीक्षेत मागे पडले, की शेजारणीची नजर प्रथम त्यांच्यावरच जाते. त्या नजरेत हिमगौरीची राणी असते.

दोनशे वर्षांपूर्वी क्रौर्य सख्ख्या आईकडून सावत्र आईकडे ढकलले गेले. आज आपण ते ‘आपल्यासारख्या’ माणसांकडून ‘वेड्यां’कडे ढकलत आहोत. वर्तमानपत्रात खुनाची बातमी वाचली की तोंडातून पहिला शब्द निघतो, “कोणी पागल असेल!” असे म्हटले की हेवा, लोभ, सूड आणि सत्तेची नशा आपल्या घरात असूच शकत नाहीत, असे मानायला आपण मोकळे होतो. या वेळी किंमत मोजतो तो रुग्ण.

बादशाहचा संशय आणि शहरजादवरचे ओझे

आता ‘अलिफ लैला’कडे येऊ. अरबीतून हे कथाभांडार आंत्वान गालां यांनी १७०४ ते १७१७ या काळात फ्रेंचमध्ये नेले आणि तिथून ते जगभर गेले. उर्दूच्या वाटेने ते आपल्या घरांतही आले. त्याची सुरुवात दोन भावांपासून होते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. मोठा शहरयार, धाकटा शाहजमान. दोघांच्याही बेगमा बेवफाई करतात.

शाहजमानला हे आधी कळते. तो बेगमेला ठार करतो आणि मग भावाच्या महालात येतो. तिथे त्याचा चेहरा पिवळा पडतो, अन्नावरची वासना उडते, शरीर खंगते. भाऊ विचारतो, तर तो काहीच सांगत नाही. शिकारीला चल म्हटले तरी उठत नाही. नैराश्याने माणूस कसा दिसतो याचे इतके नेमके वर्णन जुन्या कथांत क्वचितच मिळेल. पण या दुःखाकडे कोणी वाचक वळूनही पाहत नाही, कारण पुढे शहरयार येतो.

शहरयारचे दुःख आत साचत नाही, ते बाहेर तलवार होऊन येते. एका स्त्रीने फसवले म्हणून सर्व स्त्रिया बेवफा, असे तो ठरवतो. रोज एका मुलीशी निकाह लावायचा आणि सकाळ होताच तिला मारायचे. नगरात मुली उरत नाहीत, लोक लेकी घेऊन पळून जातात. शेवटी वजीराची मुलगी शहरजाद स्वतःहून पुढे येते. ती धाकट्या बहिणीला, दुनियाजादला, सोबत नेते आणि रोज रात्री एक गोष्ट अशा ठिकाणी थांबवते, की बादशाहला तिला दुसऱ्या रात्रीपर्यंत जिवंत ठेवावे लागते. अशा एक हजार एक रात्री. बहुतेक छापील पाठांत अखेर बादशाहचे मन वळते आणि तो तिला अभय देतो.

या कथेला हल्ली ‘बोलण्यातून उपचार’ म्हटले जाते. शहरजाद म्हणजे जणू पहिली समुपदेशक. तिच्या हुशारीला आणि हिमतीला आम्हीही सलाम करतो. पण घरी मुलींना ही गोष्ट सांगताना इथे थोडे थांबायला हवे. समुपदेशकाच्या मानेवर रुग्णाने तलवार धरलेली नसते. शहरजादला रोज सकाळी मरणाची भीती होती. तिचे अब्बाजानही तिला वाचवू शकत नव्हते, कारण ते बादशाहचे नोकर होते.

आपल्या घरांत किती मुलींना हाच सल्ला मिळतो! नवरा संशय घेतो, मोबाईल तपासतो, माहेरी जाऊ देत नाही, हात उगारतो. मुलगी अम्मीकडे येऊन रडते. मग खाला, फुफी, सासू सगळ्या सांगतात, “सबर कर, प्रेमाने वाग, तो बदलेल.” सबर मोठी गोष्ट आहे यात शंका नाही. पण मार खात राहणे म्हणजे सबर, असा अर्थ लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. हजार रात्रींची परीक्षा देण्याची जबाबदारी एका मुलीवर टाकायची आणि घरातल्या मोठ्यांनी वजीरासारखे गप्प बसायचे, हे आपल्या लेकींच्या बाबतीत आम्हाला मान्य नाही.

संशयाचा एक खरा आजार असतो, हेही सांगितले पाहिजे. कसलाही पुरावा नसताना जोडीदार बेवफा आहे अशी पक्की समजूत होते आणि कितीही समजावले तरी ती हलत नाही. दारूचे व्यसन, स्किझोफ्रेनिया किंवा मेंदूचे काही आजार यांतही असे घडते. त्यावर औषधे आहेत, उपचार होतात. मात्र उपचार डॉक्टर करतात, बायको नव्हे, आणि उपचार सुरू असेपर्यंत बायको-मुलांची सुरक्षितता आधी पाहावी लागते. दुसरीकडे अनेक नवरे अजिबात आजारी नसतात. दुकानात गिऱ्हाईकाशी ते गोड बोलतात, साहेबापुढे आवाज चढवत नाहीत, राग फक्त घरी येतो. हा आजार नव्हे, हे घरात सत्ता गाजवणे आहे. अशा वागण्याला ‘त्याचा स्वभावच तसा’ किंवा ‘डोक्याचा त्रास’ म्हणून झाकू नये. २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा प्रत्येक समाजातल्या स्त्रीसाठी आहे आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

चेटकिणीचा चेहरा

‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’मधली चेटकीण डोळ्यांसमोर आणून पाहा. फार म्हातारी, कुबडीवर चालणारी, डोळे लाल, दूरचे दिसत नाही, जंगलात एकटी राहणारी. यांतली कोणती गोष्ट गुन्हा आहे? म्हातारपण, अधू पाय, कमी दिसणे, एकटेपण, हे सगळे आपल्या वाट्यालाही येणार आहे. पण गोष्टीने दुष्टपणाची ओळख म्हणून तेच निवडले. परीकथेत चांगली माणसे सुंदर असतात आणि वाईट माणसे कुरूप, अपंग किंवा विचित्र. लहान मूल हा नियम न सांगता शिकते.

गोष्टीबाहेर या नियमाने जीव गेले आहेत. युरोपात शेकडो वर्षे चेटकीण ठरवून माणसांना मारले गेले आणि त्यांत वृद्ध, गरीब, एकट्या स्त्रियांची संख्या मोठी होती. आपल्या महाराष्ट्रातही एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या येत राहिल्या. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यामागच्या कारणांत हेही होते. वय झाल्यावर विसराळूपणा येतो, काहींना डिमेन्शिया होतो, संध्याकाळी त्या घाबरतात, ओरडतात, घरातल्यांवर चोरीचा आळ घेतात. दादीचे असे वागणे म्हणजे आजाराचे लक्षण आहे, हे नातवंडांना कोणीतरी सांगावे लागते. नाहीतर त्यांना ती गोष्टीतली म्हातारी वाटू लागते.

खरा रुग्ण कसा दिसतो

खरा रुग्ण बहुतेक वेळा दिसतच नाही. २०१५-१६ साली बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दर १०० प्रौढांपैकी १० ते ११ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आणि आजारागणिक पाहिले तर उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. म्हणजे मोठ्या कुटुंबांच्या प्रत्येक दावतीत, प्रत्येक निकाहच्या मांडवात असे एक-दोन जण बसलेले असतात. ते बिर्याणी वाढत असतात, मुलांना खेळवत असतात आणि आतून झगडत असतात. दुसऱ्याला इजा करणारे त्यांत थोडेच. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे बहुधा मारणारी नसतात. उलट त्यांनाच फसवले, लुटले आणि मारले जाण्याचा धोका जास्त असतो.

व्यक्तिमत्त्व विकाराविषयी तर ‘हा काही सुधारायचा नाही’ अशीच समजूत आहे. अमेरिकेतल्या मार्शा लिनेहन यांचे उदाहरण इथे सांगावेसे वाटते. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात माणसाला आपण टाकले जाऊ ही भीती सतत छळते, भावना क्षणात उसळतात आणि तो स्वतःला इजा करून घेतो. डॉक्टरही असे रुग्ण घ्यायला कचरत. लिनेहन यांनी त्यांच्यासाठी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ ही उपचारपद्धती घडवली आणि ती आज जगभर वापरली जाते. २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले, की १७ व्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या आणि स्वतःला जखमा करून घेत होत्या. परीकथेत त्यांना चेटकिणीची जागा मिळाली असती. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे असंख्य घरांतली मुले वाचली. या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांची लक्षणे काही वर्षांत बरीच ओसरतात, असे दीर्घकाळ केलेल्या अभ्यासांतही दिसले आहे.

आपला वारसा काय सांगतो

मनाच्या आजाराला सैतानाचा खेळ समजणे हीच आपली परंपरा, असे कोणी मानत असेल तर त्याने आपला इतिहास पुन्हा पाहावा. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, दुःख आणि मनात घोळत राहणारे वसवसे यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला आणि प्रत्येकावर उपाय सांगितले. शरीर आजारी पडते तसे मनही पडते, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी साध्या शब्दांत मांडले. कैरोमध्ये सुलतान कलावून यांनी १२८४ साली बांधलेल्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान बायझीद दुसरे यांच्या १४८८ साली पूर्ण झालेल्या इस्पितळात रुग्णांना संगीत ऐकवले जाई, कारंज्यांचा आवाज आणि फुलांचा सुगंध उपचाराचा भाग होता. ती इमारत आज संग्रहालय म्हणून उभी आहे.

या वारशापासून आपण किती दूर आलो, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याची एक खासगी जागा होती. पहाटे तिथल्या झोपडीवजा शेडला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचेच नातेवाईक होते, शिफा मिळेल या आशेने आलेले. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता पूर्ण बंदी आहे. तुमच्या ओळखीत कुठे असे होत असेल, तर ते थांबवणे हे आपलेही काम आहे.

दुआ जरूर करावी. त्याने रुग्णाला आणि घरालाही आधार मिळतो. पण दुआबरोबर दवाही हवी. मधुमेह झाला तर आपण इन्सुलिन नाकारत नाही, मग मन आजारी पडल्यावर दोन-दोन वर्षे फक्त तावीज बदलत का राहायचे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. घरातून बाहेर पडणे अवघड असेल, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

मग मुलांना गोष्टी सांगायच्या कशा?

गोष्टी बंद करू नका. मुलांना भीती, हेवा, राग ओळखायला परीकथेइतकी सोपी शाळा दुसरी नाही. सांगताना काही गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

पात्र कोण आहे यापेक्षा त्याने काय केले यावर बोला. ‘राणी पागल होती’ असे न म्हणता ‘राणीला हेवा वाटला आणि तिने विष दिले’ असे सांगा. मग विचारा, “हेवा तुलाही कधी वाटला का? मग तू काय केलेस?” भावाला नवे दप्तर मिळाले तेव्हाचा राग मुलाला लगेच आठवेल. हेवा वाटणे गुन्हा नाही आणि त्यातून दुसऱ्याला इजा करणे चूक आहे, हा फरक त्याला तिथेच कळेल.

शेवट बदलून पाहा. सिंड्रेलाच्या गोष्टीचे दोन शेवट आहेत. ग्रिम यांच्या पाठात पक्षी दुष्ट बहिणींचे डोळे फोडतात. १६९७ साली शार्ल पेरो यांनी फ्रेंचमध्ये लिहिलेल्या पाठात सिंड्रेला बहिणींना माफ करते आणि महालात जागा देते. दोन्ही सांगा आणि मुलांना विचारा, तुम्ही काय केले असते? माफी केव्हा द्यावी आणि केव्हा आधी स्वतःला वाचवावे, या प्रश्नावर मोठ्यांनीही त्यांच्याबरोबर विचार करावा.

घरात ‘वेडा’, ‘पागल’, ‘सायको’ हे शब्द शिवी म्हणून वापरू नका. मूल हे शब्द आपल्याकडूनच उचलते. उद्या त्याला स्वतःला रात्र रात्र झोप येईनाशी झाली, मनात नको ते विचार येऊ लागले, तर ज्या घरात ‘पागल’ ही शिवी आहे तिथे ते तोंड उघडणार नाही. पंधरा-सोळा वर्षांची कितीतरी मुले परीक्षेच्या दिवसांत अशीच गप्प होतात. त्यांनी अम्मीजवळ येऊन “मला बरे वाटत नाही, शरीर ठीक आहे पण मनाला बरे वाटत नाही” एवढे म्हणावे, असे वातावरण आपल्या प्रत्येक घरात हवे.

आणि गोष्टीतल्या शाहजमानला विसरू नका. शहरयारची तलवार सगळ्यांना दिसते. पण कोपऱ्यात पिवळ्या चेहऱ्याने बसलेला, ताटाला हात न लावणारा, ‘काही नाही’ म्हणणारा माणूस आपल्याच दस्तरखानावर असू शकतो. आज जेवायला बसाल तेव्हा एकदा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहा. आणि कोणी ‘काही नाही’ म्हणाले, तर जेवण आटोपल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसा.